तबकडीवरचं ऊन

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि उजवा तळहात पुढे करा. असा, तीर्थ घेताना करतो तसा खोलगट. समजा, त्या तळहातावर कोणीतरी एक जुनं मनगटी घड्याळ अलगद ठेवलं. पट्टा नाही, नुसतं घड्याळ. आधी ते गार लागेल. मग हळूहळू तुमच्या हाताची ऊब घेईल. कानाशी न्याल, तर आत कोणीतरी घाईघाईने सुपारी कातरतंय असा आवाज येईल. आता डोळे उघडा आणि तबकडी, म्हणजे घड्याळाचा चेहरा, नीट बघा. अर्धी पांढरी आहे आणि अर्धी तपकिरी, करपल्यासारखी.

"सांग बघू," समोर मांडी घालून बसलेले आजोबा तुम्हाला विचारतात, "अर्धीच का करपली?"

तुम्ही काय सांगाल? ऋजुता म्हणाली होती, "चहा सांडला."

"आत? काचेला भोक पाडून ओतला का चहा?"

"मग तुम्ही तव्यावर ठेवलं असेल."

"हो तर! आणि तूप सोडून उलटलं. अगं, नीट बघ. करपलेली बाजू कुठली? उजवी. हे घड्याळ होतं इस्माइलभाई ड्रायव्हरचं. डावा हात गिअरवर, म्हणून घड्याळ उजव्या हातात. आणि उजवा हात कुठं?"

ऋजुताने हवेत स्टिअरिंग धरलं. थोडा वेळ गाडी चालवली. मग तिचं कोपर आपोआप बाहेर गेलं.

"खिडकीत!"

"खिडकीत. कराड-चिपळूण, रोजची गाडी. सकाळी जाताना ऊन, संध्याकाळी येताना ऊन. खिडकीच्या चौकटीची सावली अर्ध्या घड्याळावर पडायची, अर्धं उघडं राहायचं. जन्मभराचं ऊन आहे हे, ऋजू. दुकानात मिळत नाही."

हे आजोबा म्हणजे माझा वीसेक वर्षांनी थोरला भाऊ भालचंद्र. मी त्याला दादा म्हणायचे. ऋजुता त्याची नात, तेव्हा चौथीत होती. दादाचा मुलगा उदय, सून वैजयंती, ऋजुता, दादा आणि मी असे आम्ही कराडच्या एका घरात राहत होतो. मालतीवहिनी, म्हणजे दादाची बायको, आधीच गेली होती. मी शाळेत शिकवत होते. दादा एस.टी.त नियंत्रक म्हणून निवृत्त झाला होता. स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्याचा जन्म गेला. "आमच्या खात्यात वेळेवर चालणारी एकच गोष्ट होती," तो म्हणायचा, "माझ्या मनगटावरची."

तिथेच त्याला हा नाद लागला. ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, कोणी ना कोणी रुमालात गुंडाळलेलं एखादं घड्याळ त्याच्या खिडकीत सरकवायचं. "साहेब, आज्ज्याचं हाय. चालत न्हाई. पोरं म्हणत्यात टाकून द्या." दादा टाकू द्यायचा नाही. सुट्टीच्या दिवशी तो पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन लोखंडी नळ आणि तुटक्या पंख्यांच्या ढिगात वाकून घड्याळं हुडकायचा. वेस्ट एंड होतं, फेवर ल्यूबा होतं, रोमर होतं. एक तर फारच दुर्मीळ होतं, देवनागरी आकड्यांचं. कोण्या संस्थानिकाने आपल्या कारभाऱ्यांसाठी मागवलेलं, असं ते विकणारा म्हणाला होता. ते बघायला पुण्याहून शौकीन लोक यायचे, चहा प्यायचे, हातात घेऊन उसासे टाकायचे, आणि जाताना एकदा तरी विचारायचे, "वेर्णेकर, देणार का?" दादा म्हणायचा, "गाडी फुल्ल आहे."

पण मुलांनो, दादाला दुर्मीळ वाटायचं ते वेगळंच. तो म्हणायचा, "नवं घड्याळ सगळ्यांचं एकसारखं असतं, कुमे. जुनं झालं की ते एकट्याचं होतं." देवनागरी आकड्यांच्या घड्याळातला पाच पुसट झालेला होता, कारण त्याचा जुना मालक रोज पाच वाजता घरी जायची वाट बघत त्याच जागी बोट टेकवायचा, असं दादाचं म्हणणं. "काचेवरून?" मी विचारायचे. "तू मास्तरीण आहेस, तुला नाही कळणार," तो म्हणायचा.

दर रविवारी सकाळी तो जुनं पांढरं धोतर जमिनीवर अंथरायचा. त्यावर एकेक घड्याळ मांडायचा, चावी द्यायचा, कानाशी न्यायचा. वेळ मात्र कुठल्याही घड्याळाची लावायचा नाही. एकात दहा वाजलेले, दुसऱ्यात सव्वातीन. वैजयंती कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "आमच्या घरात इतकी घड्याळं, आणि जेवायला एक माणूस वेळेवर येत नाही." दादा म्हणायचा, "ज्याची त्याची वेळ आहे ती. मी कोण लावणार?" आणि नियम एकच. बाहेरून पुसायचं, आतून तेल द्यायचं, पण तबकडीला हात लावायचा नाही. घड्याळाचं तोंड धुवायचं नाही.

आता तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. शांतपणे ऐका.

इस्माइलभाईंचं घड्याळ ऋजुताच्या हातावर ठेवलं त्या रविवारी, धोतराची घडी घालून झाल्यावर, दादा उठला आणि दारात उभा राहिला. ऋजुता त्याच्या मागे गेली. त्याने तिच्याकडे वळून बघितलं आणि फार अदबीने विचारलं, "कुणाची गं तू? कुठल्या गाडीनं जायचंय?"

हे असं वर्षभर चाललं होतं. आधी नळ बंद करायचं विसरायचा, मग रस्ते, मग माणसं. उदयला तो कधी "साहेब" म्हणायचा, कधी "अहो." मालतीवहिनी माहेरी गेली आहे असं समजून तिची वाट बघायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा स्मृतिभ्रंश आहे, औषध नाही, घसरण आहे ती घसरणच राहणार. फक्त ओळखीच्या वस्तू त्यांच्याजवळ ठेवा.

आणि ओळखीच्या वस्तू म्हणजे घड्याळंच. रविवारच्या त्या तासात दादा पुन्हा सगळा दादा व्हायचा. घड्याळ हातात आलं की त्यामागून माणूस यायचा, त्या माणसामागून गाव यायचं. वहिनीचं छोटं फेवर ल्यूबा होतं. भांडी घासताना काढायची नाही, म्हणून आत पाणी गेलं होतं आणि तबकडीवर तुळशीच्या पानाएवढा डाग पडला होता. तो डाग बघितला की दादाला आठवायचं, की मालती गेली. तो डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "ऋजू, तो बारका ब्रश दे." आठवड्यातून त्या एका तासात तो तिला नावाने हाक मारायचा. एरवी ती "बाळ" असायची, "मुली" असायची, कधी कोणीच नसायची. ऋजुता शनिवारी संध्याकाळपासूनच वाट बघायची. मी तिला एकदा विचारलं, "घड्याळं एवढी आवडतात तुला?" ती म्हणाली, "आत्याआजी, घड्याळं नाही गं. त्यात मी असते ना."

उन्हाळ्यात दादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. तो घड्याळ नाकाशी नेऊन बघायचा, कलतं करून बघायचा, आणि चिडायचा. एका रविवारी त्याने वहिनीचं घड्याळ किती तरी वेळ उजेडात फिरवलं. त्याला तो डाग दिसेना. "पुसट झालं," तो म्हणाला. "सगळं पुसट झालं." आणि लहान मुलासारखा रडला.

उदय दारात उभा होता. मी त्याचा चेहरा बघितला. मुलगा चांगला होता हो तो. बापासाठी काय करू आणि काय नको, असं झालेलं होतं त्याला.

डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे खाली वाकायचं नाही, बारीक बघायचं नाही, डोळ्यांत थेंब घालायचे. उदय म्हणाला, "घड्याळं मी कुलपात ठेवली आहेत, आत्या. नाहीतर ते ऐकणार नाहीत." मला ते पटलं. दादानेही, नवलच, फारशी कटकट केली नाही. हिरवी पट्टी लावून खिडकीत बसायचा आणि रस्त्यावरून गाडी गेली की पुकारायचा, "कोल्हापूरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी फलाट क्रमांक दोनवर जावं." रस्त्यावरची पोरं ओरडायची, "आजोबा, तिकीट!" "वर बस, कंडक्टर देईल," दादा म्हणायचा.

डॉक्टरांनी आम्हाला थोडी आशा लावली होती. नीट दिसायला लागलं की कधी कधी ओळखही सुधारते, म्हणाले. ऋजुताने त्या वाक्याला किती गाठी मारून ठेवल्या होत्या, ते मला नंतर कळलं. तिने मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, की माझे आजोबा जूनपासून मला रोज ओळखणार आहेत.

पट्टी निघाली आणि त्याच सुमारास दादाचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. वैजयंतीने शिरा केला, ओवाळायची तयारी केली. दादाला नवा सदरा घातला. त्याला स्वच्छ दिसत होतं. भिंतीवरची पाल त्याने मला आधी दाखवली. "तुला ओवाळायला आलीय," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा वेळेवर आली," तो म्हणाला. मला वाटलं, आज सगळं ठीक होणार.

ओवाळून झाल्यावर उदय आतून एक मोठी पेटी घेऊन आला. निळ्या मखमलीची, वर काच. त्याचे कान लाल झाले होते. आनंदाने लाल व्हायचे ते, अगदी लहानपणापासून.

"बाबा, आता नीट दिसतंय ना? मग बघा."

त्याने झाकण उघडलं.

मुलांनो, मी आयुष्यात इतकी सुंदर घड्याळं बघितली नाहीत. रांगेने मांडलेली, प्रत्येकाला नवा कातडी पट्टा, नवी काच. कडा चांदीसारख्या घासलेल्या. तबकड्या दुधासारख्या पांढऱ्या, त्यावर काळेभोर आकडे. आणि सगळ्यांची वेळ एक. सगळ्यांचे सेकंदकाटे बरोबर चालत होते, कवायतीसारखे.

"पुण्यात एक कारागीर आहे," उदय माझ्याकडे बघून सांगत होता. "फार मोठा माणूस. जुना रंग खरवडून काढतो आणि हुबेहूब नवी तबकडी छापतो. कंपनीनं केल्यासारखी. बाबांना पुसट दिसत होतं ना. म्हटलं, डोळे नवे, तर घड्याळंही नवी."

मी दादाकडे बघितलं. तो वाकून बघत होता. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग त्याने दुकानात गेलेल्या माणसासारखं हसून मान डोलावली.

"छान आहेत. फार छान. नवं दुकान काढलंत का?"

"बाबा, तुमचीच आहेत ही."

"नाही हो," दादा मायेने म्हणाला, जणू उदयची समजूत घालत होता. "मला नवी नको. माझी आहेत घरी. कुमे, माझी घड्याळं काढ बरं. यांना दाखवू."

वैजयंतीच्या हातातलं निरांजन तसंच जळत होतं. ऋजुता पुढे सरकली. तिने पेटीतलं एक घड्याळ काढलं. आकारावरून तिला ते ओळखता आलं, नाहीतर मलाही आलं नसतं. तिने ते दादाच्या तळहातावर ठेवलं.

"आजोबा, हे इस्माइलभाईंचं. कराड-चिपळूण. खिडकी. आठवतं ना?"

दादाने ते कानाशी नेलं. बराच वेळ ऐकलं. मग उजेडात धरून, नव्या स्वच्छ डोळ्यांनी, तबकडी सगळीकडून बघितली. उजवी बाजू पांढरी होती. डावी बाजू पांढरी होती.

"याच्यात कोणी नाही गं, बाळ," तो म्हणाला.

त्याने ते तिच्या हातात परत दिलं, जपून, दुसऱ्याची वस्तू द्यावी तसं. "ज्याचं असेल त्याला देऊन ये. शोधत असेल बिचारा."

त्या दिवशी शिरा कोणी खाल्ला नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात ऋजुताने उदयला विचारलं, "बाबा, तो रंग त्यांनी ठेवला असेल ना?"

"कुठला रंग?"

"खरवडलेला. आजोबांच्या घड्याळांचा. पुडीत बांधून वगैरे. परत लावायला."

उदयने तिच्याकडे बघितलं. तो नाही म्हणू शकत होता, पण म्हणाला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने पुण्याला फोन लावला. आम्हाला इकडचंच ऐकू येत होतं. "हो हो, काम उत्तम झालंय... नाही, तक्रार नाही... मला एवढंच विचारायचं होतं, तो जुना रंग..." मग तो पलीकडचं ऐकत राहिला. "नाही, बरोबर आहे तुमचं. कोण ठेवेल. हो. धन्यवाद."

फोन ठेवून तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. वैजयंती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासाठीच केलंत ना." तो म्हणाला, "म्हणूनच तर." मी त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा बाप्या, पण मी त्याला पाळण्यात बघितलेलं होतं.

रविवार आला. मी मुद्दाम जुनं धोतर अंथरलं, घड्याळांचे नवे पट्टे काढून ठेवले, काटे मागेपुढे करून वेगवेगळ्या वेळा लावल्या. दादा आला, बसला. हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिला. समोर सगळी घड्याळं होती, आणि तो घड्याळं यायची वाट बघत होता. शेवटी म्हणाला, "आज उशीर झाला वाटतं." ऋजुता बारका ब्रश हातात घेऊन बसली होती. त्याने ब्रश मागितलाच नाही.

त्यानंतर दादा शोधायला लागला. आधी कपाटात, मग गाद्यांखाली, मग पिठाच्या डब्यात. काय शोधतोय ते नीट सांगायचा, "अर्धं करपलेलं," "तुळशीच्या पानाचं," "पाच नसलेलं." उदयने एकदा पेटी पुढे केली, तर दादा मागे सरकला आणि मला हळूच म्हणाला, "कुमे, या माणसाला घरात कोणी घेतलं? रोज नवी घड्याळं विकायला येतो. माझी यानंच नेली असणार." उदय ते ऐकून अंगणात गेला आणि बराच वेळ उगीच सायकलची साखळी पुसत राहिला.

एके दिवशी दुपारी दादा खिडकीत उभा राहून स्टँडवरच्या त्या आवाजात पुकारू लागला, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. जुनी मनगटी घड्याळं हरवलेली आहेत. ज्या कोणा प्रवाशाला सापडली असतील, त्यांनी ती नियंत्रण कक्षात आणून द्यावीत." रस्त्यावरची तीच पोरं हसली. मग त्यांतला एक मोठा मुलगा हसायचा थांबला आणि बाकीच्यांना घेऊन गेला. दादा पुकारत राहिला. इस्माइलभाईंना उद्देशून पुकारलं, आज्ज्याचं घड्याळ देणाऱ्या त्या माणसाला पुकारलं, मालतीवहिनीला पुकारलं. "मालती वेर्णेकर, जिथे असाल तिथून नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा."

ऋजुता दप्तर घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिचं नाव त्यात नव्हतं.

मी डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "आजार तसाही पुढे गेलाच असता, बाई," ते म्हणाले. "थोडा आधी, थोडा नंतर. मुलाला दोष देऊ नका."

"दोष कोण देतंय," मी म्हटलं. "परत आणता येईल का, एवढंच सांगा."

त्यांनी मान हलवली. मी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मुलांपासून खरं लपवायचं नाही हा माझा वर्गातला नियम होता, म्हणून ऋजुतालाही सांगितलं. ती म्हणाली, "कधीच नाही?" मी म्हटलं, "कधीच नाही." तिने पुन्हा विचारलं नाही. पाढा पाठ करावा तसं ते तिने मनात बसवलं, असं मला वाटलं.

काही दिवस ती दादाच्या खोलीकडे फिरकली नाही. शाळेतून यायची, खायची, मागच्या दाराने खेळायला जायची. वैजयंती म्हणाली, "असू दे, आत्या. पोरगी किती सोसणार?" मीही तिला बोलावलं नाही. दादा दिवसभर शोधायचा. आता तो काय शोधतोय हे त्याला सांगता येत नव्हतं. करपलेलं गेलं, तुळशीचं पान गेलं. नुसतं "ते" उरलं. "ते कुठं ठेवलं?" म्हणायचा आणि एकदा बघितलेली उशी पुन्हा उचलायचा. आम्ही तिघंही त्याला समजावून थकलो होतो. दादा, घड्याळं आहेत. बाबा, इथेच आहेत. बघा, ही बघा. प्रत्येक वेळी तो ऐकायचा, हात जोडायचा, आणि पुन्हा शोधायला लागायचा.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली होती. मी दादाच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. दादा खाटेशेजारी गुडघ्यांवर बसून खाली बघायचा प्रयत्न करत होता, पण कंबर वाकत नव्हती. धापा टाकत होता. मी उठणार, तेवढ्यात ऋजुता दारात दिसली. गणवेश अंगावर, एका पायात चप्पल, एक हातात.

दादाने मान वर केली. तिच्याकडे ओळखीचं काही सापडतंय का ते बघितलं.

"कुणाची गं तू?" त्याने विचारलं.

मला वाटलं, ती आता नाव सांगेल. रोज सांगायची, आधी. मी ऋजू, आजोबा. तुमची ऋजू. उदयची मुलगी. माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. तिचे ओठ हलले, मिटले. तिने हातातली चप्पल खाली ठेवली.

"मी शोधायला आलेय," ती म्हणाली.

दादाचा चेहरा एकदम सैल पडला. किती तरी दिवसांत त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं. "बरं झालं," तो म्हणाला. "मला एकट्याला जमेना."

"तुम्ही वर बसा. खाटेखाली मी बघते."

तिने त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं. मग ती जमिनीवर पालथी झाली, आणि जिथे काहीही नाही हे तिला ठाऊक होतं त्या अंधारात खांद्यापर्यंत हात घालून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नीट चाचपू लागली.